अडकलेला प्रोग्राम कुणाची वाट पाहतोय?

प्रश्न: धरणगावला एका जिनिंगसाठी मी काट्याचं सॉफ्टवेअर लिहिलं आहे, सी शार्पमध्ये, विंडोजवर. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन घेतो, पावती छापतो आणि कॅमेऱ्याचं तेवढ्या वेळाचं चित्रीकरण एफएफएमपेग या फुकट प्रोग्रामला देऊन त्याची लहान एमपीफोर फाइल करून घेतो. फाइलचं नाव म्हणजे गाडी नंबर आणि तारीख. छोट्या क्लिपा बिनबोभाट होतात. गाडी काट्यावर जास्त वेळ उभी राहिली की एफएफएमपेग मध्येच अडकतं आणि माझी स्क्रीनही गोठते. तीच कमांड काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) हाताने दिली तर अर्ध्या मिनिटात काम होतं. कधी कधी तर छोटी क्लिपसुद्धा सुरुवातीलाच अडकते. इनपुट, आउटपुट, एरर तिन्ही रीडायरेक्ट केले आहेत, म्हणजे काळ्या खिडकीऐवजी माझ्या कोडकडे वळवले आहेत. 'वेट फॉर एक्झिट'च्या, म्हणजे प्रोग्राम संपेपर्यंत थांबायच्या आज्ञेच्या, आधी आउटपुट वाचून घ्या असं एकाने सांगितलं, तेही केलं, फरक शून्य. विंडोज नव्याने टाकलं, रॅम वाढवली. शेवटी दर पंधरा मिनिटांनी एफएफएमपेग मारून टाकणारी टास्क लावली, तर आता अर्धवट राहिलेल्या फाइली उघडतच नाहीत. रात्रीचा मायएसक्यूएल डेटाबेसचा बॅकअपही टास्क शेड्यूलरमधून असाच लटकतो. दसऱ्यानंतर गाड्यांची रांग लागेल. शेठ म्हणतात, हा फुकटचा प्रोग्राम काढ आणि चांगला विकत घे. काय करू?
— एक वाचक, धरणगाव

उत्तर:

भाऊ, एफएफएमपेग काढू नका. त्याच्या जागी विकतचं काही आणलंत आणि तेही याच कोडमधून चालवलंत, तर हंगामात तेही अडकेल. तुमच्या पत्रात तीन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत आणि तिन्हींच्या खुणा तुम्ही स्वतःच लिहून दिल्या आहेत. त्यातली सर्वांत मोठी खूण म्हणजे हाताने चालतं आणि ॲप्लिकेशनमधून अडकतं. प्रोग्राम तोच, फाइल तीच, मशीन तेच. काळ्या खिडकीत मात्र त्याचं बोलणं ऐकायला आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तुम्ही समोर बसलेले असता. ॲप्लिकेशनमधून चालवलं की ही दोन्ही कामं तुमच्या कोडच्या अंगावर पडतात, आणि तुमचा कोड सध्या त्यातलं एकही करत नाही.

पण आधी बघायचं कसं ते सांगतो, कारण विंडोज नव्याने टाकणं आणि रॅम वाढवणं हे दोन्ही न बघता केलेले खर्च आहेत. पुढच्या वेळी अडकलं की लगेच मारू नका. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये एफएफएमपेगची ओळ शोधा आणि सीपीयूचा आकडा बघा. चित्रीकरण लहान करणं हे सीपीयूचा घाम काढणारं काम आहे. ते खरंच चालू असेल तर आकडा चांगलाच वर दिसतो. आकडा शून्यावर चिकटून बसला असेल तर प्रोग्राम काम करत नाही, कुणाची तरी वाट पाहतो आहे. कुणाची, ते सांगायला मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस एक्सप्लोरर आहे, तेही फुकट. त्यात एफएफएमपेगवर डबल क्लिक करा, थ्रेड्स टॅब उघडा, एकेक थ्रेड (प्रोग्रामच्या आत चालणारं एकेक स्वतंत्र काम) निवडून त्याचा स्टॅक, म्हणजे तो सध्या कुठे पोचला आहे त्याची यादी, बघा. थ्रेड बरेच दिसतील, त्यातले बहुतेक नुसते उभे असतात, त्यांना घाबरू नका. तुम्हाला दोनच नावं शोधायची आहेत. एखाद्या स्टॅकच्या वरच्या टोकाला 'एनटी राइट फाइल' दिसलं, तर प्रोग्राम काहीतरी लिहायला गेला आहे आणि घेणारा कुणी नाही. 'एनटी रीड फाइल' दिसलं, तर तो कुणाकडून तरी काही यायची वाट पाहतो आहे. लिनक्सवर हेच काम एसट्रेस (strace) हा प्रोग्राम करतो. चालू प्रोसेसला तो जोडला की शेवटची अर्धवट ओळ राइट आहे की रीड, ते लगेच दिसतं.

माझी खात्री आहे, लांब क्लिप अडकेल तेव्हा तुम्हाला राइट दिसेल, आणि सुरुवातीलाच अडकलेल्या छोट्या क्लिपमध्ये रीड.

आता लांब क्लिपचं घेऊ. आउटपुट आणि एरर रीडायरेक्ट केले की विंडोज दोन प्रोग्रामच्या मध्ये एक पाइप टाकतं. त्या पाइपला पोट असतं आणि ते फार लहान असतं. विंडोजवर खास आकार मागितला नाही तर साधारण ४ केबी, लिनक्सवर ६४ केबी. पाइप भरला आणि पलीकडून कुणी वाचलं नाही, की लिहिणाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टिम तिथल्या तिथे थांबवते. एररचा संदेश येत नाही, काही मोडत नाही, तो नुसता उभा राहतो. तुमच्या जिनमध्ये सरकी वाहून नेणारा पट्टा बंद पडला की मागची यंत्रंही थांबवावी लागतात, तसं.

एफएफएमपेग बोलका प्रोग्राम आहे. सुरू झाल्याबरोबर आवृत्ती, ते कशाकशासह बांधलं आहे त्याची लांबलचक ओळ, आत काय आलं, बाहेर काय जाणार, हे सगळं सांगतो. पाइपची बरीचशी जागा या प्रस्तावनेतच जाते. मग काम चालू असताना साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक प्रगतीची ओळ: किती फ्रेम झाल्या, किती वेळ झाला, कोणत्या वेगाने. पाच-सात सेकंदांत संपणारी क्लिप उरलेल्या जागेत मावते आणि सुटते. अर्धा मिनिट चालणारी मावत नाही. म्हणून तुमच्याकडे 'छोट्या होतात, मोठ्या अडकतात' असं दिसतं. बांधावर तपासताना सगळं ठीक आणि हंगामात घोटाळा, ही या चुकीची कायमची सवय आहे. चाचणीत माल थोडा असतो.

मग आउटपुट आधी वाचूनही फरक का पडला नाही? सल्ला देणाऱ्याने अर्धंच सांगितलं. एफएफएमपेग फाइल बनवत असताना स्टँडर्ड आउटपुटवर जवळपास काहीच लिहीत नाही. प्रस्तावना, प्रगती, प्रश्न, तक्रारी, सगळं स्टँडर्ड एररवर जातं. तुमचा कोड आउटपुटच्या पाइपवर 'शेवटपर्यंत वाच' म्हणून बसला. तो शेवट एफएफएमपेग संपल्यावरच येणार. एफएफएमपेग संपणार नाही, कारण एररचा पाइप भरला आहे आणि तो वाचायची पाळी तुमच्या कोडमध्ये दुसऱ्या ओळीत आहे. दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. ओळींची अदलाबदल करून हे तात्पुरतं सुटेल, पण उद्या दुसरा एखादा प्रोग्राम आउटपुटवर भरभरून लिहील आणि तुम्ही पुन्हा इथेच याल.

खरा उपाय म्हणजे दोन्ही पाइप एकाच वेळी, स्वतंत्रपणे वाचत राहायचे. सी शार्पमध्ये त्यासाठी 'बिगिन आउटपुट रीड लाइन' आणि 'बिगिन एरर रीड लाइन' आहेत. प्रोग्राम सुरू केल्याबरोबर दोन्ही बोलवा आणि आलेली ओळ एका लॉग फाइलमध्ये लिहीत जा. मग 'वेट फॉर एक्झिट'. त्याला वेळेची मर्यादा द्या, आणि तो वेळेत परतला तर मर्यादेशिवाय आणखी एकदा बोलवा. नाहीतर शेवटच्या काही ओळी, म्हणजे नेमकी चूक सांगणाऱ्या, हातात यायच्या राहतात. हे मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजातच दिलेलं आहे, पण सहसा कुणी तिथवर वाचत नाही. पायथॉनवाल्यांना 'कम्युनिकेट' हेच काम करून देतो. जावावाले 'रीडायरेक्ट एरर स्ट्रीम' चालू करून दोन्ही एकाच वाटेने वाचू शकतात.

एफएफएमपेगला लॉगची पातळी 'एरर' करून आणि 'नोस्टॅट्स' देऊन गप्पही करता येतं. तसं केलंत तर तुमच्या क्लिपा आजच्या आज सुटतील. तरी केवळ तेवढ्यावर थांबू नका. ज्या दिवशी कॅमेऱ्याची फाइल खराब येईल, त्या दिवशी प्रत्येक खराब फ्रेममागे एक तक्रार येईल, पाइप पुन्हा भरेल, आणि तेव्हा ही गोष्ट कुणाच्या लक्षातही नसेल.

आता सुरुवातीलाच अडकणारी छोटी क्लिप. इथे मला तुमच्या फाइलच्या नावाने सांगितलं. गाडी नंबर आणि तारीख. एखादी गाडी त्याच दिवशी दुसरी खेप घेऊन आली, तर त्या नावाची फाइल आधीच तयार असते. एफएफएमपेग अशा वेळी विचारतो: फाइल आहे, तिच्यावर लिहू का, हो की नाही? काळ्या खिडकीत तुम्ही उत्तराची कळ दाबली असती. इथे प्रश्न तुम्ही न वाचलेल्या एररच्या पाइपमध्ये पडला, आणि उत्तर यायचा इनपुटचा पाइप उघडा आहे पण त्यात कुणी काही टाकत नाही. तो वाट पाहील. पंधरा मिनिटांनी तुमची टास्क येऊन मारेपर्यंत पाहील. अडकलेल्या वेळा आणि गाड्यांचे नंबर जुळवून बघा, दुसऱ्या खेपेच्याच गाड्या निघतील.

याच्यावर कुणीही सांगेल, कमांडमध्ये वाय पर्याय टाका, म्हणजे तो न विचारता जुनी फाइल पुसेल. थांबा. तुम्ही हे चित्रीकरण ठेवताय कशासाठी? शेतकरी उद्या म्हणाला की माझ्या पहिल्या खेपेचं वजन कमी लागलं, तर दाखवायला. वाय टाकलंत तर दुसरी खेप पहिलीचा पुरावा पुसून टाकेल आणि कुणाला कळणारही नाही. एफएफएमपेगने विचारलेला प्रश्न रास्त होता. फाइलच्या नावात पावती क्रमांक घाला, तो दर खेपेला वेगळा असतो. आणि कमांडमध्ये एन पर्याय द्या, म्हणजे चुकून नाव जुळलंच तर तो पुसण्याऐवजी चूक म्हणून बाहेर पडेल. सोबत 'नोस्टडिन' द्या, म्हणजे तो इनपुटकडे बघणारच नाही. तरीही कोडमध्ये इनपुटचा पाइप सुरू केल्याबरोबर बंद करायची सवय ठेवा. बंद पाइपवर वाट पाहणाऱ्याला लगेच 'संपलं' असं कळतं आणि तो काहीतरी निर्णय घेतो. उघड्या पाइपवर तो कायमचा बसतो.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे बिलांच्या पीडीएफ बनवणाऱ्या वाचकाने हीच तक्रार घोस्टस्क्रिप्टबद्दल पाठवली होती. तिथेही तेच: दर पानानंतर एंटर दाबायची वाट, आणि सगळी पानं झाल्यावरही बाहेर न पडता पुढच्या आज्ञेची वाट. त्याला 'नोपॉज' आणि 'बॅच' हे दोन पर्याय लागतात. लिनक्सच्या सर्व्हरशी बोलणाऱ्या एसएसएचला 'बॅचमोड' लागतो, नाहीतर अनोळखी सर्व्हर दिसला की तो विश्वास ठेवू का म्हणून विचारतो. नवा कोणताही प्रोग्राम ॲप्लिकेशनला जोडण्याआधी त्याच्या मदतपानात तो माणसाला काय काय विचारू शकतो आणि ते विचारणं बंद कसं करायचं, हे शोधून ठेवा. ते जवळपास प्रत्येकात असतं.

स्क्रीन गोठण्याचं कारण साधं आहे आणि ते एफएफएमपेगपेक्षा गंभीर आहे. ज्या थ्रेडवर स्क्रीन आणि तिची बटणं चालतात, त्याच थ्रेडवर तुम्ही वाट पाहत आहात. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असताना क्लिपसाठी वजन थांबवणं मला मुळीच पटत नाही. वजन नोंदलं, पावती छापली, की गाडी मोकळी झाली पाहिजे. क्लिपचं काम एका रांगेत टाका आणि मागे वेगळ्या थ्रेडवर एकेक करत राहा. क्लिप झाली नाही तर त्या पावतीसमोर लाल खूण दिसू दे, संध्याकाळी पुन्हा चालवता येईल. मूळ चित्रीकरण तोपर्यंत जपून ठेवा.

पंधरा मिनिटांची मारेकरी टास्क आजच काढा. ती नावाने मारते, म्हणजे नीट चाललेल्या एफएफएमपेगलाही मारते. अर्धवट फाइली उघडत नाहीत त्याचं कारण एमपीफोरच्या रचनेत आहे. कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे त्याची अनुक्रमणिका एफएफएमपेग सगळ्यात शेवटी लिहितो. मध्येच मारलं तर फ्रेम असतात, अनुक्रमणिका नसते, आणि प्लेअर हात टेकतो. वेळेची मर्यादा असायलाच हवी, पण ती तुमच्या कोडने, त्याने स्वतः सुरू केलेल्या एकाच प्रोसेसवर लावावी. डॉटनेट कोअर ३.० पासून 'किल'ला ट्रू दिलं की तिच्या पोटातल्या प्रोसेसही जातात. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर टास्ककिलला टी आणि एफ पर्याय आणि प्रोसेसचा क्रमांक द्या. बॅच फाइलमधून एफएफएमपेग चालवत असाल तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण नुसती बॅच मारली तर आतलं एफएफएमपेग जिवंत राहून पाइप धरून बसतं आणि तुमचं वाचन संपतच नाही. बॅच काढून थेट एफएफएमपेगच चालवलं तर उत्तम. क्लिप आधी तात्पुरत्या नावाने बनवा, एक्झिट कोड शून्य आला, म्हणजे काम बिनचूक झालं, तरच खरं नाव द्या. मग अर्धवट फाइल खऱ्या नावाने कधीच दिसणार नाही.

तपासताना तुम्ही काळी खिडकी उघडी ठेवत असाल तर एक लक्षात असू द्या. विंडोज १० च्या साध्या कन्सोलमध्ये क्विक एडिट चालू असतं. खिडकीत माऊसचा एक क्लिक पडला की मजकूर निवडण्याची अवस्था येते, पट्टीवर 'सिलेक्ट' असं दिसतं, आणि आतला प्रोग्राम पुढची ओळ लिहायला जातो तिथे थांबतो. एस्केप दाबलं की पुन्हा चालू. काट्यावरच्या मुलाला हे सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसाल.

उरला बॅकअप, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. मायएसक्यूएल डंपला, म्हणजे बॅकअप काढणाऱ्या प्रोग्रामला, पी पर्याय देऊन पासवर्ड पुढे दिला नसेल तर तो विचारतो. टास्क शेड्यूलरमध्ये 'वापरकर्ता लॉगइन असो वा नसो चालव' असं निवडलं की टास्क पडद्यामागे, वेगळ्या सत्रात चालते. तिथे उघडलेली खिडकी कुणालाच दिसत नाही, म्हणजे उत्तरही कुणी देणार नाही. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, तो टास्क मॅनेजरच्या कमांड लाइनच्या रकान्यात दिसतो. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, ती फाइल वाचायचा अधिकार फक्त त्या टास्कच्या खात्याला द्या आणि 'डिफॉल्ट्स एक्स्ट्रा फाइल' या पर्यायाने तिचा पत्ता द्या. हा पर्याय बाकी सगळ्या पर्यायांच्या आधी लागतो, नाहीतर डंप तो मानत नाही. बॅकअप झेड ड्राइव्हसारख्या जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर जात असेल तर तो ड्राइव्ह त्या सत्रात नसतो, तिथे पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा.

टास्क शेड्यूलरच्या मुळातल्या दोन सेटिंग इथे मिळून घात करतात. टास्क चालू असेल तर नवी सुरू करायची नाही, ही एक. आणि लटकलेली टास्क ३ दिवसांनी थांबवायची, ही दुसरी. म्हणजे सोमवारी रात्री पासवर्डवर अडकलेला बॅकअप मंगळवार आणि बुधवारचाही बॅकअप खातो. मर्यादा एक तासावर आणा. आणि आज घरी जाण्याआधी शेवटच्या बॅकअपची फाइल उघडून तळाशी जा. पूर्ण झालेल्या डंपच्या अखेरीस 'डंप कम्प्लीटेड' आणि तारीख असलेली ओळ असते. ती नसेल तर तो बॅकअप अर्धवट आहे, मग उद्याची वाट न बघता हाताने एक घ्या.

शेठना सांगायचं एवढंच की प्रोग्राम बदलायचा नाही, तो चालवायची पद्धत दुरुस्त करायची आहे, आणि त्याला नवीन खर्च नाही. पण दुरुस्तीची खात्री दसऱ्याआधी करून घ्या, गाड्यांवर नको. सी शार्पमध्येच दहा-बारा ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहा. त्याने आधी एररवर एक एमबी कचरा ओतावा, मग आउटपुटवर तेवढाच, आणि शेवटी इनपुटवरून एक ओळ मागावी. एफएफएमपेगच्या जागी तुमच्या ॲप्लिकेशनमधून हा चालवा. दोन्ही पाइप वाचले जात असतील आणि इनपुट बंद केलं असेल तर तो क्षणात संपून बाहेर येईल. अडकला, तर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये राइट की रीड ते बघा, त्यावरून कोणती बाजू राहिली ते कळेल. तो सुटला की वेळेच्या मर्यादेची परीक्षा: एफएफएमपेगच्या जागी पिंगला स्वतःच्याच मशीनवर, १२७.०.०.१ या पत्त्यावर, ६०० वेळा पाठवा. ते जवळपास दहा मिनिटं चालतं. मर्यादा एक मिनिटाची ठेवा, मिनिटभराने पिंग थांबतं का ते बघा, आणि तोवर काट्याच्या स्क्रीनवर वजनं घेत राहा, पावत्या निघतात का ते बघा.